वहिनींनी धरलेला डूख

फ्लाइंग क्लबात सगळे त्यांना वहिनी म्हणत. थोरले हयात असताना ते साहजिकच होतं. थोरले क्लबाचे मुख्य प्रशिक्षक, सगळ्यांचे दादा, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. थोरले गेले, वहिनी स्वतः प्रशिक्षक झाल्या, पुढे वैमानिकांच्या परीक्षा घेणाऱ्या अधिकृत परीक्षक झाल्या, तरी नाव तेच राहिलं. फरक एवढाच, की पूर्वी वहिनी आल्या की लोक खुर्ची पुढे करत आणि आता वहिनी आल्या की आपल्या खुर्चीतून उठत.

ज्याची त्या खरोखरची वहिनी होत्या असा माणूस क्लबात एकच होता. थोरल्यांचा धाकटा भाऊ. त्यांनाही क्लबात कुणी नावाने हाक मारत नसे, धाकटेच म्हणत. आणि या धाकट्यांवर वहिनींनी डूख धरला होता.

थोरल्यांचं एक जुनं विमान होतं. एका इंजिनाचं, चार जणांचं, पंख डोक्यावर असलेलं. वहिनींच्या जन्माआधी कारखान्यातून बाहेर पडलेलं, म्हणून त्याला सगळे म्हातारी म्हणत. लग्नानंतरचे सुट्टीचे दिवस वहिनींनी म्हातारीच्या पोटाखाली आडवं पडून काढले होते. नवरा पाना मागायचा, त्या पाना द्यायच्या. पुढे पुढे नवरा नुसता हात पुढे करायचा आणि त्याला हवा तोच पाना हातात पडायचा. वहिनी उडायला शिकल्या त्याही म्हातारीतच.

एका ओल्या, गार सकाळी थोरले एकटेच म्हातारीला घेऊन वर गेले आणि उतरताना धावपट्टीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. त्यांनी शेत निवडलं, विमान सरळ ठेवलं, चाकंही नीट टेकवली. पण शेताच्या टोकाला दगडी बांध होता. चौकशीत निघालं ते असं, की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला असावा. जुन्या इंजिनांचं हे जुनं दुखणं. हवा ओलसर असली, की इंधन आणि हवा जिथे मिसळतात तिथे बर्फ साचतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणून गरम हवेची एक कळ असते, ती वेळेवर ओढायची. थोरल्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना ती कळ ओढायला शिकवलं होतं. अवशेषांत ती कळ न ओढलेली सापडली. का, ते कुणालाच कळलं नाही.

शोकसभा क्लबाच्याच दालनात झाली. धाकटे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचं दुःख खोटं नव्हतं, हे वहिनींनाही मान्य होतं. पण शेवटी ते म्हणाले, की दादा गेला तो म्हातारीच्या प्रेमापायी. नवं विमान असतं तर त्यात कार्ब्युरेटरच नसता, बर्फ नसता, आणि आज दादा इथे आपल्यात चहा पीत बसला असता. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी ते ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तरी त्यांनी ते गिळलं असतं. दुःखात माणूस काहीबाही बोलतो. पण वर्ष उलटायच्या आत धाकट्यांनी नोकरी सोडली आणि नव्या विमानांच्या विक्रीचं काम घेतलं. काचेचे मोठे पडदे, वाऱ्यातही विमान आपोआप वाटेवर ठेवणारा स्वयंचालक, आणि अगदीच गळ्याशी आलं तर छपराची कळ ओढायची, की अख्खं विमान छत्रीला लटकत खाली येतं. विमान चांगलं होतं. ते विकायला धाकटे गावोगावच्या क्लबांत जात, खोलीत अंधार करून भिंतीवर चित्रं दाखवत. एकदा वहिनी कुणाला न सांगता मागच्या रांगेत जाऊन बसल्या. पहिलंच चित्र आलं ते बांधाला धडकून दुमडलेल्या म्हातारीचं. धाकटे म्हणाले, "हा माझा सख्खा भाऊ." मग थोडा वेळ गप्प राहिले. मग दुसरं चित्र आलं, निळ्या आभाळात नवं पांढरं विमान.

तो थोडा वेळ वहिनींच्या काळजात रुतला. तिथे उसासा आला नाही, हुंदका आला नाही. तो थोडा वेळ मोजूनमापून ठेवलेला होता, दुकानदार काटा स्थिर व्हायची वाट बघतो तसा. वहिनी उठून बाहेर आल्या आणि गाडीत बसून त्यांनी मनाशी गाठ मारली. ओरडायचं नाही, भांडायचं नाही. एक दिवस हा माणूस आपल्या हातात येईल. तोवर हात तयार ठेवायचे.

त्या पुन्हा विमानात बसल्या. घरच्यांना वाटलं दुःखावर उतारा शोधताहेत; माहेरच्यांनी नावं ठेवली, सासूबाईंनी बोलणं टाकलं. वहिनी एकामागून एक पायऱ्या चढल्या. नव्या विमानांचं प्रशिक्षणही घेतलं, आणि ते इतकं मन लावून, की शिकवणाऱ्याला वाटलं बाई काचवाल्यांच्या पक्षात गेल्या.

कारण क्लबात पक्षच पडले होते. कँटीनमध्ये दोन टेबलं होती आणि कोण कुठे बसतो त्यावरून त्याचं मत कळायचं. खिडकीजवळ जुनेवाले. त्यांचे म्होरके फवारे. ते शेतांवर औषध फवारणारं पिवळं विमान उडवत, म्हणून हे नाव. फवाऱ्यांचं म्हणणं, जुनं विमान मांडीखाली बोलतं. वेग कमी झाला की आधी सीट कुरकुरते, मग काटा हलतो. बिघडलं तर दोन पाने आणि एक हातोडा पुरतो. तुमच्या नव्या बाईसाहेबांना सर्दी झाली तरी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो. पलीकडच्या टेबलावर दातांचे डॉक्टर आणि त्यांचे सोबती. डॉक्टर म्हणायचे, दिवसभर मी लोकांच्या तोंडात वाकून बघतो, निदान वर गेल्यावर तरी मला मान सरळ ठेवून बघू द्या. नकाशा समोर, हवामान समोर, दुसरी विमानं समोर. यात वाईट काय? आजोबांच्या काळी दात दोरा बांधून काढत, म्हणून मीही तसेच काढू का? मोठी प्रवासी विमानं उडवून निवृत्त झालेले एक कप्तान दोन टेबलांच्या मधे खुर्ची टाकून बसत आणि दोन्हीकडची बिस्किटं खात.

वहिनी कुठल्याच टेबलावर बसत नसत. त्यांना कुणी विचारलं तर म्हणत, मी परीक्षक आहे, मला मत नाही. मत होतं. पण त्या मतात विमान कमी आणि धाकटे जास्त होते. गेल्या वर्षी धाकट्यांनी क्लबाच्या सभेत ठराव आणला, की जुन्या विमानांनीही आपली जागा भोवतालच्या विमानांना कळवणारं छोटं यंत्र बसवावं. फवारे चिडून म्हणाले, "माझ्या पिवळीच्या गळ्यात घंटा बांधता होय?" ठराव चांगला होता हे वहिनींना कळत होतं. तरी त्यांनी विरोधात हात वर केला, कारण तो धाकट्यांचा होता. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला आणि फवाऱ्यांनी शिव्या घालत पिवळीला घंटा बांधली.

मग एकदाची ती संधी आली. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून विमान चालवून दाखवायचं तर प्रशिक्षकाचा परवाना चालू लागतो, आणि धाकट्यांच्या परवान्याची फेरपरीक्षा जवळ आली. त्यांचा नेहमीचा परीक्षक आजारी पडला. दुसरा मिळेपर्यंत थांबावं तर दोन मोठी गिऱ्हाइकं यायची ठरलेली. उरल्या वहिनी. नियमात रक्ताच्या नातेवाइकाची परीक्षा घेता येत नाही. कार्यालयातून तसं विचारलंही. वहिनींनी उत्तर दिलं, की आमचं रक्ताचं नातं नाही. जे होतं ते वारलं.

धाकट्यांना यात धोका वाटला नाही. इतक्या वर्षांत वहिनी त्यांना एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. ते त्यांना शांत झालेल्या वाटल्या. परीक्षेच्या सकाळी ते हसतच आले आणि म्हणाले, की चला, घरचीच परीक्षा. गिऱ्हाइकं कँटीनमध्ये बसली होती. एक कारखानदार आणि त्यांचा जावई. परीक्षा आटोपली की लगेच त्यांना फिरवून आणायचं, असा धाकट्यांचा बेत. वहिनींचाही बेत त्याच कँटीनपर्यंत आखलेला होता.

पहिला अर्धा भाग धाकट्यांनी देखणा केला. वहिनी उजव्या बाजूला बसून बघत होत्या आणि नाही म्हटलं तरी त्यांना विमान आवडत होतं. इंजिनाचा आवाज कानाला न बोचणारा, हात सोडला तरी नाक तसूभर न हलणारं. पडद्यावर डोंगर तपकिरी, नदी निळी, आणि मधोमध आपण. थोरले हे बघून लहान मुलासारखे हरखले असते, हा विचार आला आणि त्यांनी तो मागे सारला.

"आता वीज गेली असं समजा," वहिनी म्हणाल्या, आणि दोन्ही पडद्यांचा उजेड शून्यावर आणला.

यात काही गैर नव्हतं. परीक्षेचा हा नेहमीचा भाग. समोर दोन काळ्या चौकटी उरल्या आणि खाली तीन लहान गोल काटे: वेग, उंची आणि विमान कललंय की सरळ. डोक्यावर होकायंत्र. वहिनींनी धाकट्यांचा फोन मागून घेतला आणि कागदाचा नकाशा मांडीवर दिला. धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि तिथून घरी. गैर एवढंच, की हवा धुरकट असलेला दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता, आणि धाकटे नकाशा कसा धरतील याचं चित्र कित्येक वर्षं मनाशी रंगवलं होतं.

चित्रापेक्षा प्रत्यक्ष सरस निघालं. धाकट्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा केला. एक नदी दिसली ती ही असेल म्हणाले, मग ती नव्हे म्हणाले. वाऱ्याने विमान डावीकडे सरकत होतं ते त्यांच्या लक्षात आलं नाही. एरवी ते काम काच करत असे. खुणा दिसाव्यात म्हणून ते खाली उतरले, तर धूर आणखी दाट. धरण कुठेच नव्हतं. डावीकडे, धुरक्यापलीकडे, दारूगोळ्याच्या कोठाराची हद्द होती, जिथे कुणी शिरायचं नसतं, आणि धाकटे सावकाश त्या दिशेने चालले होते. वहिनींना ते माहीत होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. दिराच्या कानाच्या पाळीवरून घामाचा एक थेंब मानेवर उतरला, तो कॉलरमध्ये शिरेपर्यंत त्या बघत राहिल्या. त्यांना भूक लागल्यावर जेवायला बसल्यासारखं वाटत होतं.

शेवटी धाकट्यांचा धीर सुटला.

"वहिनी, आपण कुठे आहोत?"

याच प्रश्नाची त्या वाट बघत होत्या. त्याचं उत्तर त्यांनी केव्हापासून तयार ठेवलं होतं.

"दादांना विचारा. त्यांचा फोटो आहे ना तुमच्याजवळ."

धाकट्यांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. वहिनींनी नजर काढून घेतली नाही. दोघंही एकमेकांकडे बघत होते, आणि विमान आपलं आपलं चाललं होतं.

तेवढ्यात दोघांच्या कानात एक यांत्रिक आवाज बोलला. पडदे काळे होते, पण आवाज चालूच होता. शांत, नेमका, बाईचा. विमान. उजवीकडे पुढे. तुमच्याच उंचीवर.

उजवी बाजू वहिनींची होती. तिकडे नजर ठेवणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी मान वळवली तेव्हा धुरक्यातून काहीतरी पिवळं मोठं होत येत होतं, आणि त्यांचे हात मांडीवरून हललेच नाहीत. हलले ते धाकट्यांचे. त्यांनी इंजिन पूर्ण उघडलं, विमान डावीकडे कलवून वर खेचलं. वहिनी सीटमध्ये दाबल्या गेल्या. खिडकीच्या काठाखालून पिवळा पंख गेला, फवाऱ्याच्या नळ्या गेल्या, आणि काचेखाली फवाऱ्यांची मळकी टोपी गेली. टोपी खाली वाकलेली होती. फवारे शेताकडे बघत होते. त्यांना कळलंही नाही.

मग वहिनींनी पडद्यांचा उजेड वाढवला. डोंगर, नदी आणि मधोमध ते दोघं पुन्हा दिसू लागले. कोठाराची लाल रेघ अगदी नाकासमोर होती.

"घरी चला," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

उतरेपर्यंत त्यांनी मनाशी पक्का हिशेब लावला. धाकटे नापास होते, यात दुमत नव्हतं. काच विझल्यावर ते हरवले, बंदी असलेल्या हद्दीच्या तोंडाशी गेले. कुठल्याही परीक्षकाने नापास केलं असतं. पिवळीची गोष्ट वेगळी. ती चूक परीक्षार्थीची नव्हती. पण ज्यासाठी इतकी वर्षं काढली तो घास ताटात आलेला असताना उठून हात धुवायचा, एवढं मोठं मन वहिनींपाशी नव्हतं.

त्या सरळ कँटीनमध्ये गेल्या. कारखानदार उठून उभे राहिले आणि हसून विचारू लागले, की काय मग, पास का आमचे कप्तान? दोन्ही टेबलांवरच्या माना वळल्या. वहिनींनी हेल्मेटसारखा जड वाटणारा हेडसेट टेबलावर ठेवला.

"नापास," त्या म्हणाल्या. "विमान उत्तम आहे. घ्या. त्यात बसून तुम्ही वाचाल. फक्त काच विझली तर आपण कुठे वाचलो, ते यांना सांगता यायचं नाही."

खिडकीजवळच्या टेबलावरून कुणीतरी हसलं. जावयाने सासऱ्याकडे बघितलं. धाकटे दारात उभे होते. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता हा बोलणार. याने बोलायलाच हवं. पिवळी आली तेव्हा तुमची नजर कुठे होती, मला वाचवलं कुणी, तुम्हाला वाचवलं कुणी, एवढं म्हटलं तरी पारडं फिरणार होतं. मी असते तर म्हटलं असतं.

धाकटे म्हणाले, "वहिनींचं बरोबर आहे. मी हरवलो." मग त्यांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली आणि ते बाहेर निघून गेले.

वहिनींनी चहा मागवला आणि तो तसाच ठेवून घरी आल्या.

सूड घेतल्यावर माणसाला झोप लागते म्हणतात. वहिनींना जेवणही गेलं नाही. पश्चात्ताप झाला म्हणावं तर तसं नव्हतं. तो घामाचा थेंब आठवला की अजूनही बरं वाटत होतं. खुपत होतं ते दुसरंच. तो गप्प का राहिला? चांगुलपणा म्हणावा तर तो माणूस भावाच्या मरणावर विमानं विकणारा. आणि कावेबाजपणा म्हणावा, तर आता वहिनींची एक गोष्ट कायमची त्याच्या मुठीत होती. तोंड न उघडता त्याने डाव उलटवला होता. यापुढे क्लबात तो समोर आला, की मान खाली घालायची पाळी कुणाची? या विचाराने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या धाकट्यांच्या दुकानात गेल्या. रस्त्याकडच्या काचेमागे नव्या विमानाचं एक छोटं मॉडेल टांगलं होतं, आत दोन खुर्च्या आणि एक पडदा. धाकटे एकटेच होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या नाहीत.

"तो फोटो काढून टाका," त्या म्हणाल्या.

धाकटे थोडा वेळ गप्प बसले. पण हा थोडा वेळ वेगळा होता, आणि तो वहिनींना ओळखता आला. मग ते म्हणाले, "मी खोटं कधीच बोललो नाही, वहिनी. नव्या विमानात दादा वाचला असता. मला अजून तसंच वाटतं."

"वाचले असते," वहिनी म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं. "काल मला कळलं ते. आपण दोघंही वाचलो ना. तुम्ही खोटं बोलला असता, तर मी केव्हाच विसरले असते, भावोजी. तुम्ही खरं बोललात आणि ते विकलंत."

धाकट्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप उघडला, पडदा वहिनींकडे वळवला, ते चित्र शोधलं आणि त्यांच्यासमोर पुसलं. पुसण्याआधी दोघांनीही ते एकदा बघितलं. म्हातारीचा एक दरवाजा उघडा होता, हे वहिनींच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. शेतात उतरायची वेळ आली, की दरवाजा अडकू नये म्हणून तो आधीच उघडून ठेवतात.

"कालचं मी कुणाला सांगणार नाही," धाकटे म्हणाले.

वहिनींना तेच नको होतं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्याकडे ठेवायची गरज नाही," आणि तिथून निघाल्या त्या थेट विमान वाहतुकीच्या कार्यालयात गेल्या. परीक्षा चालू असताना परीक्षकाचं बाहेर लक्ष नव्हतं, दुसऱ्या विमानाशी टक्कर होता होता टळली, ती परीक्षार्थीने टाळली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. बाहेर का बघत नव्हत्या, या प्रश्नावर त्यांनी लिहिलं, "परीक्षार्थीकडे बघत होते." अधिकारी ओळखीचे होते. ते म्हणाले, की बाई, कुणी तक्रार केलेली नाही, कुणाला माहीतही नाही, कशाला हात दाखवून अवलक्षण करता? वहिनी म्हणाल्या, की ज्याला माहीत आहे, त्या एकट्यालाच ते माहीत असणं मला परवडत नाही.

लोकांना वाटलं, काय ही सचोटी. निवृत्त कप्तानांनी कँटीनमध्ये छोटं भाषणसुद्धा ठोकलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, सचोटी कसली, उसनं फेडलं. आपल्या पिवळीच्या घंटेमुळेच तो आवाज वेळेवर बोलला, हे फवाऱ्यांनाही कळलं. त्यानंतर पिवळीची घंटा हा विषय त्यांनी काढला नाही, आणि कुणी काढलाच तर ते उठून इंजिनाशी काहीतरी करायला जात.

परीक्षक म्हणून वहिनींचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेण्यात आला. कारखानदारांनी विमान घेतलं नाही. धाकट्यांनी फेरपरीक्षेची तयारी केली, आणि ती कुठे, तर फवाऱ्यांकडे. क्लबाचं एक जुनं, पडदे नसलेलं विमान घेऊन दोघं जात. फवारे त्यांना नकाशा धरायला शिकवत आणि वर असतानाच त्यांच्याशी भांडत. खाली उतरले तरी भांडण संपलेलं नसे. दुसऱ्या परीक्षकापुढे धाकटे पास झाले. विमानं ते आजही विकतात. अंधाऱ्या खोलीत आता पहिलंच चित्र निळ्या आभाळाचं असतं, असं डॉक्टरांनी वहिनींना न विचारता सांगितलं. भावाबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

परवाना मिळाल्यानंतर धाकटे पहिल्यांदा एकटे वर जायला निघाले, त्या दिवशी वहिनी हँगरच्या दारात उभ्या होत्या. त्यांना तिथे काही काम नव्हतं. वर जायला बंदी नव्हती, पण जावंसं वाटत नव्हतं. पांढरं विमान सावकाश त्यांच्या समोरून गेलं. धाकट्यांच्या मांडीवर कागदाचा नकाशा दिसत होता. त्यांनी वहिनींना बघितलं आणि हात वर केला.

वहिनींनी हात वर केला नाही. अजून तेवढं झालं नव्हतं, आणि होईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मागून यंत्रशाळेतला मिस्त्री पाना मागत होता. त्या वळल्या आणि पाना शोधायला आत गेल्या.